स्टिल्ट घालून फॉल्स सीलिंगचं काम: सुरक्षेचं प्रशिक्षण कुठे मिळेल?

छतकाम_पुणे

नमस्कार मंडळी,

माझं पुण्यात जिप्सम आणि पीओपी फॉल्स सीलिंगचं काम आहे. टीम छोटी. बहुतेक मुलं मालदा-मुर्शिदाबादकडची, दोघं लातूरचे. आजवर सगळं काम घोडी आणि फळीवरच झालं. दिवाळीनंतर आमच्या जॉइंट मारणाऱ्या मिस्त्रीने मोबाईलवर व्हिडिओ बघून अ‍ॅल्युमिनियमच्या स्टिल्ट, म्हणजे पायाला बांधायच्या उंच काठ्या, मागवल्या. त्या पायाला बांधून तो खोलीभर फिरत टेप लावतो, पुट्टीचे हात मारतो, घासकाम करतो. घोडीवरून उतरा, ती सरकवा, परत चढा, हे सगळं वाचतं. काम भराभर उरकतं, हे मी रोज बघतोय.

आता हिंजवडीत एका ऑफिसच्या इंटिरियरचं काम मिळालंय. तिथल्या सेफ्टी ऑफिसरने स्टिल्ट गेटवरच उतरवून ठेवायला लावल्या. म्हणाले, या माणसांना स्टिल्टचं प्रशिक्षण दिल्याचा कागद दाखवा, मग आत न्या. त्यांचं म्हणणं मला पटलं. माणूस पडला तर त्याच्या घरी फोन मलाच करायचाय. पण हे प्रशिक्षण आहे कुठे? दोन-तीन संस्थांना फोन केले. सगळीकडे ‘उंचीवरील काम’ हा कोर्स आहे, त्यात हार्नेस, शिडी, परांची, लाइफलाइन. स्टिल्टबद्दल विचारलं की पलीकडे शांतता.

कुणाला महाराष्ट्रात असं प्रशिक्षण माहीत आहे का? नसेल तर मी स्वतः मुलांना शिकवून त्याची नोंद ठेवली तर चालते का? आणि शिकवायचं म्हणजे नेमकं काय काय?

जुनी_घोडी

दादा, मी तीस-पस्तीस वर्षं पीओपीत आहे. घोडी, वर दोन इंची फळी, आणि फळीला दोन्हीकडून सुतळीचा पीळ. यापलीकडे कशाचीच गरज पडली नाही. पायाला काठ्या बांधून पोरं वर बघत चालतात ते बघूनच पोटात गोळा येतो. बंद करा ते.

पिवळं_हेल्मेट

बांधकाम साइटवर सेफ्टी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. १९९६चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा घ्या किंवा तो ज्यात विलीन झाला ती २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता घ्या, दोन्हींत स्टिल्टसाठी वेगळं कलम नाही. त्यामुळे कुठल्या सरकारी कार्यालयाचा ‘स्टिल्ट परवाना’ मिळेल ही आशा सोडा. पण कलम नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं होत नाही. १९९६च्या कायद्याचं कलम ४४ सरळ म्हणतं की कामावर पुरेशी आणि सतत देखरेख ठेवणं आणि अपघात टाळण्यासाठी शक्य ते सर्व करणं ही मालकाची जबाबदारी. संहितेचं कलम ६ही तेच बघतं: कामाची जागा इजा होण्यासारख्या धोक्यांपासून मुक्त हवी. स्टिल्ट कामगाराने स्वतःच्या पैशाने आणल्या म्हणून ठेकेदार सुटत नाही. तुमच्या साइटवर, तुमच्या कामासाठी, तुमच्या डोळ्यांसमोर वापरल्या जाताहेत ना? मग त्या तुमच्याच.

आता प्रशिक्षण. नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे (४ मार्च १९६६ला स्थापन झालेली, म्हणूनच ४ मार्चला सुरक्षा दिन असतो). शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. दोन्हींकडे औद्योगिक सुरक्षेचे कार्यक्रम चालतात. स्टिल्टचा तयार कोर्स मागू नका. ‘आमचं फॉल्स सीलिंगचं काम असं असं आहे, त्यात हे साधन वापरतो, त्यावर बेतून द्याल का’ असं विचारा. उंचीवरील कामाचा जो नेहमीचा कोर्स आहे, तोही मुलांना करायला लावा. स्टिल्ट त्यात नसल्या तरी धोका ओळखायची नजर तिथे येते, आणि घोडीवर काम करणाऱ्यालाही ती लागतेच.

मात्र स्टिल्टवर पाय ठेवून चालायला शिकवणारा माणूस या संस्थांत भेटेलच असं नाही. तो भाग तीन गोष्टी जोडून तुम्हालाच उभा करावा लागेल: उत्पादकाची पुस्तिका, स्टिल्ट आधीपासून येत असलेला एक अनुभवी हात, आणि तुमच्या साइटचे लेखी नियम. या तिन्हींची नोंद ठेवलीत तर तुमच्या हिंजवडीच्या साहेबांना दाखवायला कागद तयार होतो, आणि तो नावापुरता नसेल.

जुनी_घोडी काकांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण दोन घोड्यांवरची बिनकठड्याची फळी हीसुद्धा पडायची जागाच आहे. सवयीमुळे तिची भीती वाटेनाशी होते, इतकंच.

न्यूजर्सीकर_सातारी

इथे अमेरिकेत एका मोठ्या कंत्राटदाराकडे साइट सेफ्टीत आहे. ड्रायवॉलवाल्यांच्या (म्हणजे जिप्सम बोर्डचं काम करणाऱ्यांच्या) स्टिल्ट रोजच्या बघण्यातल्या, म्हणून थोडी भर घालतो.

तुम्हाला वाटेल अमेरिकेत यासाठी खास परवाना असेल. नाही. ओशाने (इथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) सपाट फरशीवरच्या स्टिल्टसाठी वेगळं कार्ड काढलेलं नाही. ओशाचा दहा तासांचा किंवा तीस तासांचा कोर्स केला म्हणजे स्टिल्ट येतात असंही नाही. नियम आहेत ते परांचीच्या प्रकरणात, नियम क्रमांक १९२६.४५२मध्ये, आणि ते मोजकेच आहेत. परांचीवर स्टिल्ट घालायच्याच असतील तर ती जवळजवळ सगळ्या कामाच्या जागेवर पसरलेली मोठी परांची हवी, अरुंद फळी चालणार नाही. कठड्यावर भिस्त असेल तर स्टिल्टची जेवढी उंची, तेवढा कठडा वाढवायचा. पृष्ठभाग सपाट हवा, त्यावर खड्डे, भोकं, कचरा, अडखळण्यासारखं काही नको. स्टिल्टची निगा राखलेली हवी, आणि मूळ बनावटीत कुठलाही बदल उत्पादकाच्या मंजुरीशिवाय करायचा नाही.

यातला कठड्याचा नियम तुमच्याकडे सगळ्यात जास्त कामाचा आहे. इथे कठड्याची नेहमीची उंची ४२ इंच, तीन इंच इकडेतिकडे. पडण्यापासून संरक्षणाच्या प्रकरणातही वेगळी टीप आहे की माणूस स्टिल्टवर असेल तर कठड्याची वरची कड तेवढीच वर न्यायची. आता पुण्यातल्या फ्लॅटची बाल्कनी घ्या. साडेतीन फुटांचा कठडा. दोन फुटांच्या स्टिल्टवर माणूस चढला की त्याच्या तळपायापासून कठडा उरतो दीड फूट, म्हणजे गुडघ्याला. तोल गेला तर तो कठडा त्याला थांबवणार नाही, उलट गुडघ्यात अडकून बाहेर फेकेल. म्हणून बाल्कनी, जिन्याची मोकळी जागा, लिफ्टचा खड्डा, फ्रेम न बसलेली मोठी खिडकी, या ठिकाणी स्टिल्ट नाहीतच. तिथे घोडी किंवा चाकांची परांची, आणि तीही कठड्यासकट.

शिकण्याचं म्हणाल तर इथे रंगकाम आणि ड्रायवॉल फिनिशिंगची अप्रेंटिसशिप असते. टेपिंग, सँडिंग शिकता शिकता पोरगं स्टिल्टही शिकतं, जुन्या माणसाच्या नजरेखाली. वर्गात बसून कुणी शिकत नाही.

आणखी एक. २०१०मध्ये ओशाने स्पष्ट केलं की प्रशिक्षण कामगाराला कळेल अशा भाषेत आणि शब्दांत दिलेलं असलं तरच ते प्रशिक्षण. तुमची मुलं बंगाली बोलतात. मराठीत किंवा इंग्रजीत छापलेला कागद सही करून घेतलात, तर फाइल तेवढी जाड होईल. हिंदीत तरी बोला, आणि त्यांच्यातल्याच जाणत्याकडून बंगालीत वदवून घ्या.

छतकाम_पुणे

मनापासून आभार. कठड्याचं गणित वाचून आज दुपारीच बाल्कन्यांतलं काम घोडीवर वळवलं.

आता हातात घेऊन शिकवण्याचा भाग. इथे कुणी स्वतः स्टिल्टवर काम केलेलं आहे का?

ऑकलंडचा_गिबवाला

मी आहे. मूळ सांगलीचा, ऑकलंडमध्ये गिब स्टॉपिंगचं काम करतो. इथे जिप्सम बोर्डला सगळे गिबच म्हणतात. जॉइंट भरणं, सँडिंग, कॉर्निस, बरंच काम स्टिल्टवर होतं. मला माझ्या पहिल्या फोरमनने जसं शिकवलं, तसंच मी नव्या पोरांना शिकवतो.

सगळ्यात आधी मापाचं बोलू, कारण निम्मी चूक विकत घेतानाच होते. बाजारात साधारण १५ ते २३ इंच, १८ ते ३० इंच आणि २४ ते ४० इंच अशा मापांत स्टिल्ट येतात. ‘जास्त उंच म्हणजे जास्त उपयोगी’ म्हणून लोक तिसऱ्या मापाकडे धावतात. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग लागतं साडेआठ-नऊ फुटांवर. साडेपाच फुटी माणसाला २०-२२ इंच मिळाले की हात आरामात पोचतो. म्हणजे सगळ्यात छोटं माप पुरतं. तिसऱ्या मापाची सुरुवातच दोन फुटांवर होते, त्यावर नवखा माणूस शिकणार कसा? तुमच्या मिस्त्रीने कुठलं माप मागवलंय ते आधी बघा. वजनाची मर्यादाही बघा. बहुतेकांवर शंभर किलोच्या आसपास लिहिलेली असते, आणि त्यात हातातली पुट्टी, अवजारं, कमरेचा पट्टा सगळं धरायचं.

बांधायला बसताना उंच बसायचं. किचनचा ओटा, भक्कम टेबल, असं काही. जमिनीवर बसून बांधल्या तर उठणार कसे? टाच मागच्या कपात घट्ट टेकली पाहिजे. बूट लेसचे, टाचेला कडक. चप्पल, सँडल, ढिले कॅनव्हास अजिबात नको. आधी पंजाचा पट्टा, मग घोट्याचा, मग गुडघ्याखालचा पोटरीचा. पट्ट्यांची मोकळी टोकं बाहेरच्या बाजूला खोचायची. आतल्या बाजूला लोंबली की दुसऱ्या पायात अडकतात, आणि हे मी होताना पाहिलंय. डावी-उजवी वेगळी असते, दोन्हींची उंची एकाच भोकावर आहे का ते मोजून बघायचं.

बांधण्याआधी रोज तपासणी. प्रत्येक नट-बोल्ट हाताने फिरवून बघायचा. स्प्रिंगवर गंज, सांध्यातल्या बुशची झीज, नळीला चीर किंवा वाक, तळव्याचं रबर गुळगुळीत झालंय का, पट्ट्याची शिवण उसवलीय का. रबर झिजलं की नवीन बसवायचं, सायकलच्या टायरचा तुकडा चिकटवायचा नाही. आणि उंची वाढवायला खाली पाइप वेल्डिंग करून घेणारे महाभाग असतात, त्यांना साइटवर उभंच करू नका.

पहिल्यांदा उभं राहताना सगळ्यात कमी उंची, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि हाताशी भिंत. खोली रिकामी. पाय घासत पुढे न्यायचा नाही. गुडघ्यातून उचलायचा आणि पूर्ण तळवा सपाट ठेवायचा. पावलं छोटी. वळायचं असेल तर एका पायावर गरकन फिरायचं नाही, चार-पाच छोट्या पावलांत वळायचं. मागे चालायचं नाही, कधीच नाही. मागे जायचं असेल तर वळा आणि पुढे चाला. जिना, उतार, ओली फरशी, प्लास्टिकचा कागद अंथरलेली फरशी, या सगळ्यांवर स्टिल्ट बंद. रंगवाले फरशी वाचवायला कागद अंथरतात तो तर साबणासारखा सरकतो.

मग मान. हे कुठल्या पुस्तिकेत ठळक नसतं, पण माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं. सीलिंगचं काम म्हणजे मान मागे टाकून वर बघणं. मान मागे टाकली की तोल कमी होतो, तुम्ही जमिनीवर उभे असलात तरी. म्हणून आमच्याकडे शिस्त अशी की वर बघायचं तेव्हा चालायचं नाही, आणि चालायचं तेव्हा वर बघायचं नाही. पाय थांबवा, हात मारा, नजर खाली आणा, फरशी बघा, मग पाऊल टाका. पोरांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण जॉइंटची रेघ डोळ्याने ओढत ओढत पुढे जायची सवय असते. हे जमेपर्यंत हातात पुट्टीचा पत्राही देऊ नका.

हातातून काही पडलं तर वाकायचं नाही, हेल्परला सांगायचं. तोल गेल्यासारखं वाटलं तर सीलिंगचा चॅनल (बोर्ड बसवायची पत्र्याची पट्टी) धरायचा नाही, तो हातात येतो आणि बोटं कापतो. उतरताना परत त्याच ओट्याशी जाऊन बसायचं.

पडावं कसं हे मी इथे लिहिणार नाही. ते वाचून येत नाही आणि अर्धवट शिकलेलं घातक ठरतं.

रेषा_इंटिरिअर

गिबवाले दादा, फार उपयुक्त. मी इंटिरियरची कामं बघते. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, आपल्याकडच्या साइटसाठी.

एक, दरवाजे. आपल्या फ्लॅटचा दरवाजा सात फुटी. साडेपाच फुटी माणूस २२ इंचांवर चढला की सव्वासात फुटांच्या पुढे गेला. या खोलीतून त्या खोलीत जाताना तो वाकणारच, आणि वाकून चौकट ओलांडणं, खाली उंबरठा, हे मी बघितलंय तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या साइटवर मी नियम केलाय: खोली बदलायची तर स्टिल्ट उतरवायच्या. मिस्त्री कुरकुरतात, पण मग ते एका खोलीचं काम सलग संपवायला शिकतात, आणि ते फिनिशिंगलाही चांगलंच.

दुसरं, वायरी. सीलिंगचं काम चालू असताना स्लॅबमधून दिव्यांच्या आणि पंख्याच्या वायरी उघड्या लोंबत असतात. इलेक्ट्रिशियन मधूनच तपासायला एमसीबी चढवतो. स्टिल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या, मिस्त्रीचं डोकं आणि हात बरोबर त्या वायरींच्या उंचीवर. त्या खोलीचा एमसीबी खाली पाडून त्याला टेप लावा आणि वर चिठ्ठी चिकटवा, वायरींची टोकं इन्सुलेट करून वर गुंडाळून ठेवा. बाजूच्या खोलीतून ओढलेला टेबल फॅन आणि हॅलोजनची एक्स्टेन्शन वायर हीसुद्धा पायात येते, ती भिंतीच्या कडेने न्या.

ऑकलंडचा_गिबवाला

रेषाताई, दरवाज्याचा नियम शंभर टक्के बरोबर. वायरींचं इथे एवढं जाणवत नाही, म्हणून माझ्या लिहिण्यात आलं नाही.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे. वेगळ्या बाजूने लिहिते.

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या संशोधकांनी स्टिल्टवर चालण्याचा प्रयोगशाळेत अभ्यास केलेला आहे. उंची वाढते तसं उभं असताना शरीराचं डोलणं वाढतं, चालण्याची ढब बदलते आणि पायाच्या सांध्यांवरचा भार बदलतो, असं त्यांच्या कामातून दिसतं. हे साहजिकच आहे. घोट्याचं काम काय, तर खालच्या जमिनीनुसार क्षणोक्षणी बारीक सुधारणा करणं. स्टिल्ट बांधली की ते काम घोट्याकडून काढून घेतलं जातं आणि गुडघा-कंबरेवर येतं. शिवाय प्रत्येक पायाला तीन-साडेतीन किलोचं ओझं.

म्हणून सलग दिवसभर नको. चहाला उतरायचं, जेवायला उतरायचं, आणि दर तासाभराने काही मिनिटं पाय मोकळे करायचे. ज्याला गुडघेदुखी आहे, कानाच्या त्रासामुळे चक्कर येते, झोप आणणारी सर्दीची गोळी घेतलीय, रात्रपाळी करून आलाय किंवा उपाशी आहे, त्याला त्या दिवशी स्टिल्ट देऊ नयेत. उपासाच्या दिवसांत हे जरूर विचारा, मग तो श्रावण असो वा रमजान. आणि विचारताना असं विचारा की खरं सांगितल्याने रोजी बुडणार नाही याची त्याला खात्री वाटेल. त्या दिवशी त्याला खालचं काम द्या, पूर्ण हजेरी लावून.

गोंदियाचा_पाऊस

आमच्या भागात आणि शेजारी छत्तीसगडमध्ये हरेलीच्या सणाच्या सुमारास पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढतात. चिखलातून पळतात पण. अशी मुलं या कामाला घेतली तर शिकवायला सोपं जाईल का?

ऑकलंडचा_गिबवाला

भीती लवकर जाईल, पण थोडं जपून. गेडीत बांबू हाताने धरलेला असतो आणि पाय नुसता ठेवलेला, तोल गेला की उडी मारून मोकळं होता येतं. इथे पाय बांधलेला, हात कामात, नजर वर. गेडीवर तरबेज असलेल्यालाही पहिल्या पायरीपासूनच न्या. बेफिकिरी तिथूनच यायची शक्यता जास्त.

वाचनमात्र

अवांतर: फ्रान्सच्या लांद भागात मेंढपाळ दलदलीतून चालायला स्टिल्ट वापरत, आणि इंग्लंडच्या केंटमध्ये हॉप्सच्या मळ्यात उंच तारांना दोऱ्या बांधायला. पिढ्यान्‌पिढ्या थोरल्याकडून धाकट्याकडे गेलेलं कसब ते. आपल्याकडे मात्र कुरिअरने खोकं येतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर, मधला शिकवणाराच नाही. धागा फार महत्त्वाचा आहे.

समारंभवाला

आमच्या लग्नाच्या इव्हेंटमध्ये पाहुण्यांच्या स्वागताला स्टिल्टवाले कलाकार असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला मिस्त्रींना शिकवायला बोलावलं तर?

ऑकलंडचा_गिबवाला

त्यांच्या स्टिल्टला खाली बारीक टोक असतं, म्हणून त्यांना सतत पाय हलवत राहावं लागतं. कामाच्या स्टिल्टला दोन नळ्या, स्प्रिंग आणि सपाट तळवा असतो, थांबून काम करता यावं म्हणून. कलाकार तोल सांभाळायला छान शिकवतील, पण पुट्टीचा पत्रा हातात घेऊन जॉइंट कसा ओढायचा ते त्यांना नाही सांगता येणार. मदतीला जरूर घ्या, गुरू म्हणून नको.

हिशेबी_ठेकेदार

सगळं वाचलं. पटतंही. पण जमिनीवरचं बोलतो. आमचे दर चौरस फुटावर. मिस्त्रीलाही चौरस फुटावर. हेल्पर वेगळा ठेवला तर परवडत नाही. स्टिल्ट आणल्याच त्यासाठी की एका माणसात काम निघावं. आता तुम्ही म्हणता एक माणूस खाली हवाच, तासाला विश्रांती हवी, खोली बदलताना उतरा. मग घोडी काय वाईट?

पिवळं_हेल्मेट

साहेब, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि खरी गोम तिथेच आहे.

मला माहीत असलेला एक अपघात सांगतो. साइटचं, ठेकेदाराचं नाव नको. मिस्त्री स्टिल्टवर, जॉइंट भरतोय. हेल्परला दुसऱ्या मजल्यावर बोर्ड चढवायला पाठवलेलं. फरशीवर जीआय चॅनलचा कापलेला वीतभर तुकडा. स्टिल्टचा तळवा त्यावर पडला, तुकडा फिरला, माणूस हातांवर आपटला. दोन्ही मनगटं मोडली. दोन्ही. जेवण भरवायला बायकोला गावाहून यावं लागलं. त्याची चालण्याची सफाई उत्तम होती, मी स्वतः पाहिली होती. त्याचा तोल कमी पडला नाही, त्याच्या खाली झाडू मारणारा माणूस नव्हता.

म्हणून मी म्हणतो, स्टिल्टवाल्याइतकंच प्रशिक्षण खालच्या हेल्परला द्या. फरशी झाडणं, तुकडे लगेच गोणीत टाकणं, वायर बाजूला घेणं, पुट्टीचा सांडलेला गोळा पुसणं, सामान वर देणं, कुणी दार ढकलून आत येत असेल तर ओरडणं, हे त्याचं काम. स्टिल्ट चालू असताना त्याला दुसरीकडे हलवायचं नाही. मुकादमाने बोलावलं तरी नाही. हेल्पर गेला की मिस्त्रीने बसायचं.

परवडण्याचं म्हणाल, तर घोडीवर फळी सरकवायलाही हेल्पर लागतोच. तोच माणूस झाडू घेऊन उभा राहिला तर नवा खर्च कुठला? आणि जिथे स्टिल्टमुळे काम वेगाने निघतं, तिथे तो हेल्पर पोसला जातो. जिथे खोली छोटी, कोपरे फार, दारं फार, तिथे घोडीच सोयीची. टॉयलेट-पॅसेजमध्ये स्टिल्ट घालून काय मिळणार आहे?

दुसरं, बोर्ड चढवायला स्टिल्ट नाहीत. साडेबारा मिलीमीटरचा सहा बाय चार फुटी जिप्सम बोर्ड १८-२० किलोच्या घरात जातो. तो डोक्यावर पेलत स्टिल्टवर उभं राहणं म्हणजे आफतीला आमंत्रण. बोर्ड लावणं परांचीवरून किंवा बोर्ड लिफ्टने. स्टिल्ट फक्त हलक्या हाताच्या कामाला: टेप, पुट्टी, स्क्रूची डोकी भरणं, सँडिंग, प्रायमर. सँडिंगला तर लांब दांड्याचं मशीन मिळतं, ते जमिनीवरून चालतं, तिथे स्टिल्टही नकोत.

आणि चौरस फुटाचा दर. शिकण्याच्या काळात मिस्त्रीला हजेरीवर ठेवा. चौरस फुटावर शिकणारा माणूस घाई करणारच, त्याला दोष देता येत नाही.

जुनी_घोडी

हेल्पर खाली पाहिजे हे बोललात ते लाख मोलाचं. आमच्या वेळी उस्ताद वर असला की खालचा पोरगा हलला तर शिवी पडायची. एवढं सगळं पाळणार असाल तर माझी हरकत नाही. पण पाळा.

आणि मुलांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी झाली आहे का ते बघा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो, पुष्कळ जण देत नाहीत. १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराला महाराष्ट्र मंडळात नोंदणी करता येते, बंगालचा असला तरी.

छतकाम_पुणे

धागा वर काढतोय, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं.

मिस्त्रीने मागवलेल्या स्टिल्ट २४ ते ४० इंचाच्याच निघाल्या. त्या परत केल्या, १५ ते २३च्या आणल्या, माझ्या पैशाने, आणि त्या आता माझ्या गोदामात कुलपात असतात. गोदामाची रिकामी खोली झाडून तिथे सराव सुरू केला. गिबवाले दादांनी व्हिडिओ कॉलवर येऊन मिस्त्रीची चाल बघितली, मान वर ठेवून पाऊल टाकायची खोड पकडली, ती मोडायला लावली. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. मालद्याच्या मुलांपैकी एकाची हिंदी आणि बंगाली दोन्ही पक्की आहे, त्याच्याकडून सगळे नियम बंगालीत सांगून घेतले आणि मग प्रत्येकाला उलट विचारले. एक मुलगा म्हणाला मला भीती वाटते. त्याला सँडिंगच्या मशीनवर घेतलं, दर तोच.

सगळ्यांचा उंचीवरील कामाचा कोर्स पुढच्या महिन्यात ठरलाय. नोंदणीचे फॉर्म भरायला घेतलेत.

हिंजवडीच्या साहेबांना लेखी पद्धत दाखवली. त्यांनी दोन अटी घातल्या: काचेच्या दर्शनी भिंतीपासून ठरावीक अंतरात स्टिल्ट नाहीत, तिथे जमिनीवर पिवळी पट्टी मारायची, आणि रोजचं तपासणी रजिस्टर. दोन्ही मान्य. रजिस्टरमध्ये काय काय असावं, पिवळं_हेल्मेट साहेब, जरा सांगाल का?

पिवळं_हेल्मेट

उत्तम काम केलंत.

रजिस्टर साधं ठेवा, नाहीतर चार दिवसांनी कुणी भरत नाही. तारीख, खोली, स्टिल्ट जोडीचा नंबर (रंगाने नळीवर लिहा), घालणाऱ्याचं नाव, कुठल्या उंचीवर लावली, बोल्ट-पट्टे-रबर तपासले का, खोलीचा एमसीबी बंद का, आणि खालच्या हेल्परचं नाव. हेल्परच्या नावाचा रकाना रिकामा असेल तर त्या दिवशी स्टिल्ट कपाटातून निघणार नाहीत, एवढं एक मुकादमाला बजावून ठेवा. सही न येणाऱ्याचा अंगठा घ्या, पण वाचून दाखवल्याशिवाय नाही.

प्रशिक्षणाची नोंद वेगळी, प्रत्येक माणसाची स्वतंत्र. त्यात तो किती उंचीपर्यंत तयार झालाय ते लिहा. १८ इंचांवर तयार असलेला माणूस २३वर आपोआप तयार होत नाही, उंची वाढवली की परत रिकाम्या खोलीत सराव. गावाला जाऊन बऱ्याच दिवसांनी परतलेल्यालाही तसंच, आधी सराव, मग काम. पडता पडता वाचण्याचे प्रसंगही शेवटच्या पानावर लिहा, कुणाला दंड न लावता.

माझ्याकडे हिंदीतला एक नमुना आहे. स्टिल्टसाठी रकाने बदलून उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो. बंगाली करून घ्यायला तुमचा तो मुलगा आहेच.